‘एवढी सेवा केली, मग मला काय मिळालं?’

मावशी, सलाम. मी श्रीरामपूरकडच्या एका ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) आहे. १४ वर्षं झाली संडे स्कूल घेतेय. शनिवारी प्रार्थनामंदिर झाडायचं, वेदीवरचं कापड घरी नेऊन धुवून इस्त्री करून आणायचं, प्रभुभोजनाचे पेले घासायचे, हेही माझ्याकडेच. कोणी सांगितलं नव्हतं, मीच घेतलं. ह्या नाताळात स्टेजवर सहा जणांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, त्यात दोन वर्षांपूर्वी मंडळीत आलेल्या एक बाई पण होत्या. माझं नाव नाही. त्याआधी माझ्या मुलाने मिशनच्या शाळेत क्लार्कच्या जागेसाठी अर्ज केला होता, मला वाटलं आईची सेवा बघून तरी विचार करतील, पण ती जागा कमिटीतल्या एकांच्या भाच्याला मिळाली. पाळकसाहेबांशी बोलले तर म्हणाले सेवा निस्वार्थ पाहिजे, फळाची अपेक्षा ठेवू नका. त्या रात्री रागारागाने मी काय काय केलं ते वहीत लिहून काढलं, दोन पानं भरली. आता रविवारी वर्गात उभी राहिले की आतून काही येतच नाही. सेवा सोडून देऊ का? आणि अपेक्षा ठेवली हे पाप झालं का? एक तरुण मुलगी वर्ग घ्यायला तयार आहे, पण माझं मन होत नाही.
– एक बहीण

ताई, सलाम.

आधी पापाचा प्रश्न घेते, कारण तोच तुम्हाला जास्त खातोय असं पत्रावरून वाटलं. वाईट वाटलं म्हणून तुम्ही पापी ठरत नाही. माणूस इतकी वर्षं एक काम मनापासून करतो आणि सगळ्यांसमोर दुसऱ्यांची नावं पुकारली जातात तेव्हा पोटात कालवतंच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आणि तुमचा जो प्रश्न आहे ना, मला काय मिळालं, तो पेत्राने, प्रभू येशूच्या शिष्याने, सरळ प्रभूच्या तोंडावर विचारलाय. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा १९ वा अध्याय काढून बघा. प्रभू एका श्रीमंत तरुणाला सगळं विकून गरिबांना दे म्हणतो, तो खिन्न होऊन निघून जातो आणि लगेच पेत्र म्हणतो, आम्ही तर सगळं सोडून तुमच्यामागे आलो, मग आम्हाला काय मिळणार? प्रभू चिडला नाही त्याच्यावर. उत्तर दिलं, मिळेल म्हणाला, शंभरपट मिळेल. (हे शंभरपट आजकाल सभांमधून फार ऐकू येतं, एवढं द्या तेवढं मिळेल असं, पण मार्कात हेच वचन आहे तिथे त्या शंभरपटीच्या यादीतच ‘छळणूक’ हा शब्द पण आहे, तो मात्र स्टेजवरून कोणी वाचून दाखवत नाही. मला ह्याचा खरंच संताप येतो, कारण कर्ज काढून दान देणारी गरीब माणसं मी बघितलीयत.)

पण पेत्राला उत्तर देऊन प्रभू थांबला नाही, लागलीच त्याने द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट सांगितली. मध्ये अध्याय बदलतो म्हणून आपण ती वेगळी वाचतो, पण ती त्याच उत्तराचा पुढचा भाग आहे. गोष्ट तुम्ही मुलांना कितीदा तरी शिकवली असेल. सकाळी सकाळी आलेल्यांशी एक दिनार ठरला होता, संध्याकाळी तासभर काम केलेल्यांनाही एकच दिनार मिळाला आणि सकाळवाले कुरकुरायला लागले. आता बघा, त्यांचं काही कमी झालं होतं का? ठरलेला दिनार पूर्ण मिळाला. मालकाने त्यांना आधी पैसे देऊन घरी पाठवलं असतं तर ते खुशीत गेले असते. दुखलं ते दुसऱ्याच्या हातातलं बघून. ताई, रागावू नका, पण तुमच्या पत्रातलं ‘दोन वर्षांपूर्वी आलेल्या एक बाई’ वाचताना मला हेच आठवलं. त्यांचा सत्कार नसता झाला तर तुम्हाला एवढं लागलं असतं का, हे शांतपणे विचारून बघा स्वतःला. योहानाच्या शेवटच्या अध्यायात पेत्र पुन्हा तसंच करतो, प्रभू त्याला म्हणतो माझ्यामागे ये, आणि हा मागे वळून योहानाकडे बघून विचारतो की ह्याचं काय. प्रभू म्हणतो, त्याच्याशी तुला काय करायचंय, तू माझ्यामागे ये. त्या बाईंनी दोन वर्षांत काय केलं हे कदाचित तुम्हाला पूर्ण माहीत नसेल, कदाचित त्यांनी फारसं काही केलंही नसेल. तो हिशोब तुमच्याकडे नाहीच.

आता मुलाचं. हे मला जरा सविस्तर लिहायचंय कारण तुमच्या दुखण्याचं मूळ मला शालीपेक्षा इथे दिसतं, नुसती शाल मिळाली नाही एवढंच असतं तर तुम्ही दोन दिवसांत विसरला असता असं मला वाटतं.

त्याच विसाव्या अध्यायात, मजुरांच्या गोष्टीनंतर थोडं पुढे, जब्दीच्या मुलांची आई येते. याकोब आणि योहानाची आई. पाया पडते आणि मागते की तुमच्या राज्यात माझा एक मुलगा तुमच्या उजवीकडे आणि एक डावीकडे बसू द्या. आपल्याकडे प्रवचनात ह्या बाईला नेहमी बोलणी खावी लागतात, बघा कशी स्वार्थी, कशी महत्त्वाकांक्षी. मला तसं कधी वाटलं नाही. कुठली आई मागणार नाही? आणि तिला मागायचा हक्क वाटला असेल त्याचं कारण पण मत्तय देतो, पण पार पुढे जाऊन, २७ व्या अध्यायात, तिथे लिहिलंय की ह्या बायका गालीलापासून प्रभूची सेवा करत त्याच्यामागे आल्या होत्या आणि त्यांच्यात जब्दीच्या मुलांची आई पण होती. म्हणजे तुमच्यासारखंच, सेवा आधीपासूनची होती. धुणं, भाकरी, चालून चालून पायाला फोड, सगळं झालेलं असणार तिचं. ती सेवा घेऊनच ती मागायला आली. प्रभूने तिला हाकलून नाही दिलं, काय हवंय असं विचारलं, पण मागितलं ते दिलं नाही. त्या जागा देणं माझ्याकडे नाही म्हणाला.

आणि ती २७ व्या अध्यायात कुठे उभी आहे? क्रुसाजवळ, जरा लांब, बाकीच्या बायकांबरोबर. तिने उजवी-डावी जागा मागितली होती, आणि तिथे प्रभूच्या उजवीकडे एक लुटारू आणि डावीकडे एक लुटारू टांगलेला. तिला तिची मागणी आठवली असेल का हे मत्तय सांगत नाही. पण ती तिथे होती हे सांगतो. मागितलेलं मिळालं नाही म्हणून ती परत गालीलाला निघून गेली नव्हती. ताई, मला निस्वार्थ सेवा म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मी ह्या बाईकडे बोट दाखवेन. तिच्या मनात कधी अपेक्षा आलीच नाही असं अजिबात नाही. अपेक्षा आली, तिने ती तोंडाने मागितली, नाही ऐकलं, आणि तरी ती राहिली.

आता त्या जागेचं खरं खोटं. भाच्याला नात्यामुळे नोकरी मिळाली असेल तर ते चूकच आहे आणि ते चूक आहे असं म्हणायला तुम्हाला संकोच वाटायचं कारण नाही. पण ते विचारायचं काम तुमच्या मुलाचं आहे, त्याने अर्ज केला होता. त्याने शाळेला साधं पत्र द्यावं, निवड कशावर झाली, माझं कुठे कमी पडलं ते कळवा म्हणून. तुम्ही त्यात मंडळीतली सेवा आणू नका. कारण एक अवघड गोष्ट सांगते, भाच्याला मामामुळे जागा मिळाली हे जर चुकलं असेल तर तुमच्या मुलाला आईमुळे मिळाली असती तर तेही तेच झालं असतं, फक्त तेव्हा आपण त्याला आशीर्वाद म्हणालो असतो. आणि मग पुढच्या प्रत्येक शनिवारी झाडू हातात घेताना तुम्हाला स्वतःलाच कळलं नसतं की मी हे कोणासाठी करतेय, देवासाठी का मुलाची नोकरी टिकावी म्हणून. नाही मिळाली ते बरं झालं असं मी म्हणत नाहीये, घरात पोरगा नोकरीविना बसलेला असला की काय होतं ते मला माहितीय. एवढंच म्हणतेय की तुमची १४ वर्षं त्या जागेच्या बदल्यात गेली असती तर फार स्वस्तात गेली असती.

पाळकसाहेबांचं बोलणं खरं आहे, पण ते ज्या वेळी आणि ज्या पद्धतीने बोलले ते मला पटलं नाही. दुखावलेली बाई समोर बसलीय आणि आपण तिला निस्वार्थ राहा म्हणून सांगायचं, ह्याने ती गप्प बसते फक्त. प्रेषित पौलाचं बघा. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ९ व्या अध्यायात त्याने अर्धा अध्याय कामकऱ्यांच्या हक्कासाठी भांडण्यात घालवलाय, शिपाई स्वतःच्या खर्चाने लढाईवर जातो का, द्राक्षमळा लावणारा त्याचं फळ खात नाही का, मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नका, सगळे दाखले देऊन झाल्यावर शेवटी म्हणतो की मी स्वतः मात्र हा हक्क वापरला नाही. करिंथात तो अक्विला आणि प्रिस्किल्लाबरोबर तंबू शिवून पोट भरत होता. म्हणजे हक्क सोडायचा तो स्वतःचा. दुसऱ्याचा आपण सोडायचा नसतो, आणि दुसऱ्याला सोड म्हणून तर अजिबात सांगायचं नसतं. मंडळीत झाडलोट करणारा माणूस पगारी असेल तर त्याला वेळेवर पूर्ण पगार द्यायचा, पाळकांना पण द्यायचा, आणि जे फुकट करतात त्यांना निदान विचारायचं की बाई तुम्ही दमलात का.

आणि आभार मानणं हा काही सांसारिक प्रकार नाहीये. रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्याय आपण नावंच नावं म्हणून सोडून देतो, पण तिथे पौल एकेकाचं नाव घेऊन सलाम सांगतो, फिबीने मला आणि पुष्कळांना मदत केली, मरीयेने तुमच्यासाठी फार कष्ट केले, पर्सिसने प्रभूमध्ये फार श्रम केले. त्यात शाल नाही, स्टेज नाही. पण कोणी काय काम केलं हे पौलाला माहीत होतं. आपल्या मंडळ्यांमध्ये उलट झालंय, माहीत काहीच नसतं आणि सत्कार मात्र होतात, आणि मग त्याचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर. माझं स्पष्ट मत आहे की मंडळीच्या सेवेसाठी स्टेजवर सत्कार बंदच करावेत, त्याने सहा जण खूष होतात आणि साठ जण घरी जाऊन वही काढतात.

त्या वहीबद्दल. ती फाडू नका. राग होता म्हणून लिहिलं, ठीक आहे, स्तोत्रसंहितेत ह्यापेक्षा जास्त राग आहे. पण दार लावून ती दोन पानं प्रभूसमोर मोठ्याने वाचा, एकही ओळ न गाळता. वाचताना एक बघा, त्या यादीत किती नाताळ, किती कापडं, किती रविवार हे असेल, पण मला शंका आहे की त्यात एकाही मुलाचं नाव नसेल. तुम्ही पत्रातही १४ वर्षं लिहिलीत, शाल लिहिलीत, भाचा लिहिलात, पण वर्गातल्या एका पोराबद्दल एक अक्षर नाही. मी हे ताशेरे म्हणून लिहीत नाही, राग आला की असंच होतं, काम उरतं आणि माणसं गळून जातात, म्हणूनच तुम्हाला वर्गात आतून काही येत नाहीये. तर वहीत पुढचं पान घ्या आणि मुलांची नावं लिहा. जे आता मोठे झाले त्यांची पण. कोण तेवीसावं स्तोत्र म्हणताना ‘हिरव्या कुरणात’ला अडकायचा, कोणाचा बाप दारू प्यायचा म्हणून तो रविवारी लवकर येऊन बसायचा, कोणाचं पुढे लग्न झालं, कोण मंडळी सोडून गेलं. आणि त्या नावांसाठी प्रार्थना करा. ह्याला वेळ लागेल, लागू दे.

तुम्हाला केडगाव माहीत असेलच, दौंडकडचं, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत पवित्र शास्त्राचं भाषांतर केलं, कित्येक वर्षं खर्ची घातली त्यात, आणि १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा ते काम नुकतंच हातावेगळं झालं होतं. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली होती. ते शास्त्र छापलं मुक्तीच्याच छापखान्यात, आणि खिळे जुळवायला होत्या तिथल्याच बायका-मुली, दुष्काळातून आणलेल्या, घरातून टाकलेल्या. शिशाचा एकेक खिळा उचलायचा, उलटं अक्षर ओळखायचं, ओळीत बसवायचा, पान छापून झालं की सगळे सोडवून परत आपापल्या खणात टाकायचे, आणि असं पूर्ण जुना करार आणि नवा करार. रमाबाईंचं नाव आपण घेतो, घ्यायलाच पाहिजे. पण त्या खिळे जुळवणाऱ्यांपैकी एकीचं तरी नाव तुम्हाला किंवा मला सांगता येईल का? मला येत नाही. आणि तरी उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत प्रत्येक अक्षर त्यांच्या बोटांखालून गेलंय.

दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर मीही पाळकसाहेबांसारखंच बोलले असं होईल. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा मेळा सुरू केला, संन्याशासारखं राहायचं ठरवलं. फार मोठी गोष्ट होती ती. पण टिळकांचा हात पहिल्यापासूनच मोकळा, जवळ असेल ते देऊन टाकायचे, आणि मग घर कसं चालायचं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना बघावं लागायचं. लक्ष्मीबाईंनी ते सगळं स्वतः लिहून ठेवलंय म्हणून आपल्याला कळतं. तेव्हा कोणी तुम्हाला निस्वार्थ म्हणून अजून दोन कामं द्यायला आलं तर घरातल्यांना पण विचारा, तुमच्या शनिवारांची किंमत घरात कोण भरतंय ते. नवरा, सून, कोण असेल ते. निस्वार्थपणा स्वतःच्या वाटणीतला असावा.

आता सोडू का ह्या प्रश्नाचं उत्तर. रागात सोडू नका. रागात सोडलं की तुम्ही घरी बसून वाट बघाल की आता तरी त्यांना कळेल, कोणीतरी बोलवायला येईल, आणि ते तर स्टेजवर नाव पुकारण्याची वाट बघण्यापेक्षा वाईट. पण सगळं धरूनही ठेवू नका. मंदिराची झाडलोट, कापड, पेले आणि वर्ग हे एका बाईचं काम नाहीये. पाळकसाहेबांना भेटा, ह्यावेळी सत्काराबद्दल आणि नोकरीबद्दल बोलू नका, फक्त एवढं सांगा की मी दमलेय, झाडण्यासाठी आळीपाळीने चार घरं लावून द्या. तरुण संघाला लावा, त्यांना मंदिर फक्त गिटार वाजवायला नाहीये. वेदीवरचं कापड मात्र तुमच्याकडेच ठेवा असं मला वाटतं. ते घरी होतं, कोणी बघत नाही, कोणाला सांगावं लागत नाही, मत्तय ६ मध्ये प्रभूने गुप्तपणे करायला सांगितलं ते असंच एखादं काम असावं प्रत्येकाकडे. आणि इस्त्री करताना जीव परत त्या शालीवर गेला तर जाऊ द्या, हाताने काम करत राहा आणि मुलांची नावं घेत राहा.

एक वचन आहे जे सगळे वापरतात, लूक १७, तो दास शेतातून नांगरून येतो आणि मालक म्हणतो आधी मला वाढ, आणि शेवटी आपण म्हणायचं की आम्ही निरुपयोगी दास, करायचं ते केलं. कठीण वचन आहे, खरं आहे, मी ते मऊ करणार नाही. पण त्याच लूकने बाराव्या अध्यायात लिहून ठेवलंय की धनी येईल तेव्हा जागे असलेल्या दासांना तो स्वतः कंबर बांधून जेवायला बसवेल आणि येऊन वाढेल. दोन्ही वचनं एकाच प्रभूची आहेत. पहिलं आपण स्वतःबद्दल म्हणायचं, दुसरं त्याने आपल्याबद्दल म्हटलंय. आपण काय करतो, पहिलं दुसऱ्याला ऐकवतो आणि दुसरं स्वतःसाठी राखून ठेवतो.

राहिली ती तरुण मुलगी. तिला वर्ग द्या, ताई. पूर्ण नको, लहान मुलांचा गट द्या ईस्टरपासून, मोठी मुलं तुमच्याकडे राहू देत. मन होत नाहीये ते साहजिक आहे, वर्ग गेला की माझं काय उरलं असं वाटतं, पण योहान बाप्तिस्मा करणाऱ्यालाही त्याचे शिष्य येऊन हेच सांगत होते की सगळे आता येशूकडे चाललेत, आणि तो म्हणाला त्याने वाढावं आणि मी कमी व्हावं, त्यातच माझा आनंद पूर्ण झाला. द्यायचाय तर हातचं राखून देऊ नका. हजेरीचं रजिस्टर, चित्रं, फ्लॅनेलचा बोर्ड असेल तर तो, गाण्यांची वही, सगळं द्या. कोणत्या मुलाला पुढे बसवावं लागतं, कोण वाचायला सांगितलं की रडतो, कोणाच्या घरी गेलं तर बरं वाटतं त्यांना, हे तोंडी सांगा, कारण ते रजिस्टरमध्ये नसतं आणि १४ वर्षांनी तुम्हालाच माहितीय. पहिले काही रविवार मागच्या बाकावर बसा पण मध्ये बोलू नका, तिने गोष्ट चुकीच्या क्रमाने सांगितली तरी. वर्ग संपल्यावर बाहेर, एकटीला सांगा. आणि तिने चांगलं घेतलं तर तेही सांगा, त्याच दिवशी, नाव घेऊन.

मुलाच्या पत्राला शाळेकडून काय उत्तर येतं ते मला कळवा. महिनाभरात आलं नाही तर त्याने पुन्हा एकदा लेखी विचारावं, आणि तोपर्यंत दुसरीकडचे अर्ज थांबवू नयेत.

तुमची,
मावशी